रजिस्टरप्रमाणे आपण परतलात

रविवारी सकाळी सात वाजता कालिंदी टेंबेंनी नवऱ्याच्या नाकासमोर मोबाइल धरला. त्यावर लिहिलं होतं, 'आज कुठेही जायचं नाही. मी चिडलेय.'

विनायकरावांनी चष्मा लावून मजकूर वाचला. "बरं, मग पावणेनऊला निघू," असं म्हणून ते दाढी करायला गेले.

बायको गप्प असली की घरात एकमत आहे, असं समजणारे नवरे असतात. विनायकराव त्यांतले होते. आज तर तिला बोलायचीच चोरी होती. संध्याकाळी सहाला मराठी मंडळाची कोजागिरी होती आणि तिथे कालिंदी नाट्यगीत म्हणणार होती. आठवडाभर सर्दी झालेली. गाण्याच्या बाईंनी बजावलं होतं, "गळा नाजूक झालाय. स्टेजवर चढेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही." त्यामुळे शनिवारपासून ती गालात ज्येष्ठमधाची काडी धरून मुकाट होती.

दहा मिनिटांच्या गाण्यासाठी एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर म्हणणाऱ्याने बँकेतल्या माणसाशी लग्न करून बघावं. एकतीस वर्षांत नऊ गावं झाली. झाशीत क्लास लावला, तीन महिन्यांत बदली. गुवाहाटीत चांगल्या बाई मिळाल्या आणि पुढच्याच आठवड्यात ऑर्डर आली. कोलकात्यात मात्र तीन वर्षं सलग मिळाली, रियाज झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव छापून आलं. आता पुन्हा कुठल्याही दिवशी ऑर्डर येणार होती. म्हणजे जे काय गायचं ते याच कोजागिरीला, आणि नवऱ्याने पहिल्या रांगेत बसून ते ऐकायचं, एवढीच तिची इच्छा होती.

ऑर्डरची धास्ती विनायकरावांनाही होती, पण निराळ्या कारणाने. ते बँकेच्या तपासणी विभागात होते. कोलकात्यात आल्या आल्या त्यांनी बघण्यासारख्या पंधरा ठिकाणांची यादी केली होती. चौदा झाली होती आणि पंधराव्यापुढे 'प्रलंबित' असा शेरा होता. प्रलंबित बाब मागे ठेवून गाव सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ती बाब म्हणजे गंगेच्या पात्रातलं कोठीचर नावाचं बेट. कंपनी सरकारच्या काळातली दारूगोळ्याची कोठी, दोन तोफा, टेहळणीचा मनोरा आणि भोवती बाग.

"हे बघ," गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "खिदिरपूरच्या पुढच्या घाटावरून दहाला लाँच. तीनला परत. साडेचारला घरी. दीड तास हातात राहतो. शिवाय नदीची हवा गळ्याला चांगली."

'दमट हवा वाईट असते', हे कालिंदीने टाइप करेपर्यंत गाडी दोन सिग्नल पुढे गेली होती. लिहून भांडता येत नाही हो. चार वाक्यांचा राग चार मिनिटं बोटांत अडकून बसतो आणि समोरचा तोवर विषय बदलून मोकळा होतो. घरी थांबायचं तिच्या मनात आलं होतं. पण या माणसाला एकटं सोडलं तर तो सहाला पोचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गरम पाण्याचा थर्मास घेऊन निघाली.

बेट सुंदर होतं, हे मान्य करायला हवं. आकाश निळंभोर, काठाने काशगवताचे पांढरे तुरे, स्वच्छ ऊन. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कालिंदी तिथे रमली असती. आज ती दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती.

डबा खाऊन झाल्यावर विनायकराव "आलोच दोन मिनिटांत" म्हणून धक्क्याकडे गेले. त्यांची दोन मिनिटं तिला माहीत असल्याने ती मागोमाग गेली. धक्क्यावर रखवालदार निमाईची टपरीवजा चौकी होती आणि चौकीत एक लांबलचक रजिस्टर होतं. विनायकराव त्याची पानं उलटत होते. गोड खाणाऱ्याला मिठाईचं दुकान दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"ये वापसी का कॉलम खाली क्यों है?"

लाँच चालवणारा सारंग बाजूलाच विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "बाबू, जब सब लौटता है तब एक-एक करके टाइम लिखते हैं, साइन लेते हैं. अड़तीस आदमी. आज तो और मुश्किल. घर में लक्ष्मीपूजा है, जल्दी जाना है." बंगाल्यांची लक्ष्मीपूजा कोजागिरीलाच असते.

"इसमें क्या मुश्किल? सिस्टम नहीं है आप लोगों का!" विनायकरावांनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं. "तीन बजे सब लोग जाएंगे ना? तो अभी भर देते हैं. ऐन वक्त पे धक्कामुक्की नहीं."

कालिंदीने मोबाइल पुढे केला, 'हात लावू नका.'

"अगं, मदत करतोय त्यांना."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच विनायकरावांनी गेल्या तीस वर्षांत डझनावारी कारकुनांना घाम फोडला होता. 'रजिस्टर आगाऊ भरलेले आढळले. बाब गंभीर.' हे वाक्य त्यांनी इतक्या अहवालांत लिहिलं होतं की झोपेतून उठवलं तरी त्यांनी ते म्हणून दाखवलं असतं. पण दुसऱ्याने केलं की गैरप्रकार आणि आपण केलं की पद्धत. त्यांनी अडतीस नावांपुढे अडतीस वेळा सुवाच्य अक्षरात '१५.००' लिहिलं, खाली 'एकूण ३८, परत ३८' अशी ओळ टाकली, सही केली, तारीख घातली. निमाईने आणि सारंगाने एवढं स्वच्छ पान आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोघांनी त्यांना नमस्कार केला.

मग ते बायकोला घेऊन मनोरा चढले. अठ्ठ्याण्णव पायऱ्या. वर पोचले तेव्हा दोन पस्तीस झाले होते.

कालिंदीने कठड्यावरून खाली बघितलं. माणसं लाँचमध्ये चढून बसली होती आणि सारंग दोर सोडत होता. त्याचं तरी काय चुकलं? घरी पूजा, लाँच भरल्यासारखी दिसतेय, आणि कुणी राहिलं का म्हणून निमाईने रजिस्टर उघडलं तर अडतीसच्या अडतीस परत, शिवाय साहेबाची हिरवी सही.

तिने नवऱ्याची बाही ओढून खाली बोट दाखवलं.

"हो, हो, छान दिसते नदी," विनायकराव म्हणाले. त्यांचा लांबचा चष्मा पिशवीत होता.

तिने पुन्हा बाही ओढली. या खेपेला शिवण उसवली. एक हाक मारली असती तर खाली ऐकू गेली असती, एवढा तिचा आवाज खणखणीत होता. पण हाक मारली तर गळा जाणार आणि नाही मारली तर लाँच जाणार. तिने टाळ्या वाजवल्या, पदर हलवला, दोन्ही हात उंच करून उड्या मारल्या. लाँचमधल्या लोकांनी ते पाहिलं. सगळ्यांनी आनंदाने हात हलवून निरोप दिला.

"अगं, ती लाँच चाललीय!" विनायकरावांच्या आता लक्षात आलं. "तीनची वेळ आहे ना तिची? पावणेतीनला कशी जाते? हा काय प्रकार आहे?"

धापा टाकत धक्क्यावर पोचेपर्यंत लाँच पार पलीकडे ठिपक्याएवढी झाली होती. निमाईने लावून पाहिला तरी सारंग काही फोन उचलेना. चौकीवर लाँच कंपनीचा नंबर होता, तो विनायकरावांनी फिरवला.

"हम कोठीचर में फँसे हैं. लाँच हमें छोड़के चली गई."

"नाम बोलिए," पलीकडचा बाबू म्हणाला. "टेंबे? एक मिनट. निमाई ने पन्ने का फोटो भेजा है. आप तो लौट गए, सर."

"लौटे नहीं! मैं यहीं से बोल रहा हूँ!"

"विनायक टेंबे, कालिंदी टेंबे, पंद्रह बजे वापस. रजिस्टर में लिखा है."

"अहो, अभी पंद्रह बजे ही नहीं हैं!"

"वो हम कैसे जानेगा, सर? साइन है, तारीख है. किसी बड़े अफसर का साइन लगता है." आणि मग तो बाबू अगदी मऊ आवाजात म्हणाला, "रजिस्टर जो बोलेगा वही मानना पड़ता है ना, सर?"

हे वाक्य विनायकरावांनी तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि भीत भीत बायकोकडे पाहिलं.

कालिंदीने तोंडातली ज्येष्ठमधाची काडी काढून गंगेत भिरकावली.

"हात लावू नका म्हटलं होतं ना!"

चौकीच्या पत्र्यावरचे कावळे उडाले.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं तुमची ती रजिस्टरं ऐकतेय मी! झाशीत क्लास सुटला, म्हटलं जाऊ दे. गुवाहाटीत सुटला, म्हटलं नोकरी आहे. आज ना बदली आहे, ना ऑर्डर आहे! आज तुम्ही स्वतःच्या हाताने, हिरव्या शाईने, मला घालवलंत!"

"अगं, गळा सांभाळ..."

"गळा? आता गळा आठवला? यादीत पंधरावं राहिलं होतं ना? घ्या! बसा त्या तोफेवर आणि करा टिक!"

निमाई हळूच चौकीच्या मागे गेला. विनायकराव एरवी वाद घालणारे, पण यातलं एक वाक्यही खोडण्यासारखं नव्हतं. ते मान खाली घालून उभे राहिले, तर त्याचाही तिला राग आला. "आता तुम्हाला मौन सुचलं का?" ती ओरडली.

तासभर हे चाललं. आवाज पाण्यावरून लांब जातो. केळीचे खुंट भरून चाललेल्या एका मोटरच्या होडीने तो ऐकला आणि ती वळून धक्क्याला आली. नावाडी हातात वल्हं घेऊनच उतरला. विनायकरावांकडे रोखून बघत त्याने विचारलं, "दीदी, ये आदमी आपको मार रहा है?"

"नहीं!" कालिंदी म्हणाली. "मैंने अभी तक इसको नहीं मारा है, वो देखो!"

नावाड्याने दोघांना होडीत घेतलं, पण मध्ये केळीचे खुंट ठेवून लांब लांब बसवलं. त्याला जायचं होतं हावड्याच्या बाजूला, म्हणून त्याने तिकडच्याच घाटावर सोडलं. तिथे लक्ष्मीपूजेच्या बाजारात एकही टॅक्सी थांबेना. शेवटी बस मिळाली, ती पुलावर चाळीस मिनिटं उभी राहिली. त्या चाळीस मिनिटांत कालिंदी गुवाहाटीपासून पुन्हा सुरू झाली. बसमधल्या कुणाला मराठी कळत नव्हतं, तरी दोन बायका विनायकरावांकडे बघून चुकचुकल्या.

मंडळात पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. मंडळाचे सचिव श्यामराव दारातच उभे होते. "कालिंदीताई, अहो काय हे! तुमचं शेवटी ठेवलंय. चला, चला, पेटीवाले खोळंबलेत."

ती चिखलाने भरलेल्या साडीतच स्टेजवर गेली. विनायकराव उसवलेल्या बाहीनिशी पहिल्या रांगेत बसले. पेटीने सूर दिला. कालिंदीने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि गळ्यातून फाटक्या कागदासारखा नुसता खर्र आवाज आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. तेच. तिसऱ्यांदा तेवढंही आलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने माइक तोंडाजवळ ओढला.

"मला गाता येणार नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गळा बसलाय. का बसलाय ते ऐका."

आणि तिने सगळं सांगितलं. पंधरावी बाब सांगितली, अडतीस वेळा लिहिलेले तीन वाजले सांगितले, टाटा करणारी लाँच सांगितली. 'आप तो लौट गए, सर'पाशी पहिला हशा फुटला. ती भडकली. "हसताय काय? माझी तीन वर्षं गेली!" तसं सभागृह आणखी हसलं. ती जितकी संतापली तितके लोक लोटपोट होत गेले. सरकारी आणि बँकेतल्या बदल्यांमागे फिरलेल्या बायकाच होत्या निम्म्या. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आमच्याकडे पण हेच!" मसाला दूध गार झालं तरी कुणी उठेना. ती उतरली तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

श्यामराव धावत आले. "ताई, अप्रतिम! दिवाळीला अर्धा तास तुमचा. गाणं-बिणं नको, हेच करा."

कालिंदीचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "गाणं-बिणं म्हणजे?"

विनायकराव होते. त्यांचा आवाज चढला होता आणि मंडळात तो चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. "तीन वर्षं रोज पहाटे उठून रियाज करतेय ती. भिंतीपलीकडून ऐकलंय मी. दिवाळीला ती गाणार. नाहीतर तुमच्या मंडळाची सगळी रजिस्टरं काढून बसेन मी उद्यापासून!"

श्यामराव पांढरेफटक पडले. "गाऊ दे की, गाऊ दे! मी कुठे नाही म्हणतोय?"

परतताना टॅक्सी लगेच मिळाली. मग कालिंदीने पर्समधून मोबाइल काढला, टाइप केलं आणि नवऱ्यासमोर धरला. 'अर्धा तास घेतलाय मी श्यामरावांकडून. दहा मिनिटं गाणं.'

"आणि उरलेली वीस?"

तिने पुन्हा टाइप केलं. विनायकरावांनी चष्मा लावला आणि वाचलं.

'त्याला मजकूर लागेल. पुढच्या रविवारी मला कुठे नेताय ते ठरवा.'