चांगल्या मेंढपाळाचा बोर्ड

मोहिनी साळवे शिलाई मशीनवर ब्लाउजच्या बाह्या लावत बसली होती, तेवढ्यात शेजारच्या भामाबाई तोंडाला पदर लावून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, आपला कोंडिबा धनगर गेला गं. बिबट्यानं धरला. मेंढरं वाचवता वाचवता जीव दिला बिचाऱ्यानं."

मोहिनीचं मशीन थांबलं. परवाच तर तिने कोंडिबाचा फोटो काढला होता. खांद्यावर कोकरू, डोक्याला लाल पागोटं, तोंडभर हसू. "म्या कशाला चित्रात? माज्यापेक्षा मेंढरू देखणं हाय," असं म्हणत म्हातारा हौसेने कितीतरी वेळ उभा राहिला होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कधी झालं हे?"

"ते काय म्हाईत न्हाई बाई. पर सकाळधरनं समदं विंझर रडतंय."

आता हा फोटो कशासाठी काढला, ते सांगायला हवं. विंझरमध्ये ख्रिस्ती घरं अगदी मोजकी. त्यांच्या पोरांसाठी मोहिनी दर रविवारी घरी शब्बाथशाळा घ्यायची. भिंतीवर चित्र टांगायचं आणि त्यावरून देवाची गोष्ट सांगायची. चित्रं तिच्या सासऱ्यांच्या काळातली, कुठल्यातरी थंड देशात छापलेली. त्यांतला मेंढपाळ, म्हणजे येशू, गोरापान आणि मेंढरं शाम्पूने धुतल्यासारखी. पोरांनी मेंढरं रोज रस्त्यावर पाहिलेली. "टीचर, ह्याच्याकडं घोंगडी न्हाई, कुत्रं न्हाई. ह्यो राखतो काय?" असं ती विचारायची आणि मोहिनी घाईघाईने पुढचं चित्र काढायची.

त्यात गेल्या वर्षीच्या परीक्षेने नाक कापलं. पुण्याहून पाळकसाहेब आले होते. त्यांनी रिकाम्या कबरेच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "येशू मरण पावल्यावर तिसऱ्या दिवशी काय झालं?"

वर्गातली सगळ्यात चुणचुणीत शेफाली ताडकन उभी राहिली. "सावडायला गेले."

"अं? मग ही कबर रिकामी का आहे?"

"सावडल्यावर रिकामीच राहणार ना, सर."

गावात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला जातात, हे पोरीने जन्मापासून पाहिलेलं. तिचं तरी काय चुकलं? पण साहेबांचा चेहरा पडला. जाताना ते म्हणाले, "मोहिनीबाई, येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, या एका गोष्टीत आपल्या सगळ्या विश्वासाचा पाया आहे. पुढच्या वर्षीही मुलांना ती कळली नसेल, तर हा वर्ग बंद करून त्यांना भोरला पाठवू." विंझरहून दर रविवारी भोरला कोण पोर पाठवणार? बंद म्हणजे बंदच. मोहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून यंदा तिने ठरवलं, चित्रातला मेंढपाळ आपल्या मातीतला हवा. तिने कोंडिबाचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवाल्या पप्पूला मोबाईलवर धाडला आणि खाली लिहिलं, 'मागे प्रकाश हवा. खाली मोठ्या अक्षरांत: मेंढरांसाठी ज्याने आपला जीव दिला, तो हा चांगला मेंढपाळ.' इतकं स्पष्ट लिहिल्यावर घोटाळ्याला जागाच उरत नाही, अशी तिची समजूत होती. परीक्षा उद्यावर आली होती, आणि आज हे भलतंच.

तिने डोळे पुसून पप्पूला फोन लावला. "पप्पू, ते कोंडिबामामांचं चित्र राहू दे रे. आता बरं नाही दिसायचं."

"राहू दे कसं, ताई? कालच लावलं की चौकात. तुमचा मेसेज वाचला आन हातपायच गळाले माझे. मामांनी आमच्या रानात खतासाठी किती वर्षं मेंढरं बसवली! म्हणलं, ह्यात काय कुचराई करायची न्हाई."

"माझा मेसेज? माझ्या मेसेजवरून तुला काय कळलं?"

"मामा गेले म्हणून तुमीच कळवलं ना?"

मोहिनी चक्रावली. मामा गेल्याचं तिला आत्ता कळलं, मग तिने ते परवाच कसं कळवलं? चपला उलट्यासुलट्या पायात अडकवून ती चौकात धावली.

तिने कॅलेंडरापेक्षा थोडं मोठं चित्र सांगितलं होतं. चौकात चांगला बैलगाडीएवढा फ्लेक्स लटकत होता. मधोमध कोंडिबा, डोक्यामागे तेजाचं वलय, दोन्ही बाजूंना समया, खाली तिचं वाक्य आणि त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: समस्त ग्रामस्थ'. पप्पूच्या कॉम्प्युटरात डिझाइनं दोनच जातींची, वाढदिवसाची आणि श्रद्धांजलीची. जीव दिलेल्या माणसाला वाढदिवसाचं कसं लावायचं? बिबट्या तेवढा बोर्डावर नव्हता. पण मेंढरांसाठी जीव दिला म्हटल्यावर तो घेतला कुणी, हे गावाने आपापसांत ठरवून टाकलं होतं.

मोहिनीच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "अहो, मामा जिवंत आहेत!" ती ओरडली.

"व्हय, ताई," सरपंच हनुमंतराव जड आवाजात म्हणाले. "अशी माणसं आठवणीत जित्तीच राहत्यात."

"तसं नाही हो. खरंच मेलेले नाहीत ते!"

"अशी माणसं मरतच न्हाईत." सरपंचांनी रुमाल डोळ्यांना लावला. "उद्या सकाळी हितंच शोकसभा ठेवलीय. तुमी पण दोन शब्द बोला."

बोर्डाखाली सावळाराम बसून हुंदके देत होता. एका एडक्यावरून त्याचं नि कोंडिबाचं वाजलं, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. काही मंडळी कोंडिबाच्या वाडीवर जाऊन आली होती. घराला कुलूप दिसलं, म्हणजे त्याची बायको ठकुबाई पुण्याला पोस्टमॉर्टेमला गेली, हे उघडच होतं. मोबाईल बंद लागत होता, त्यामुळे तर उरलासुरला संशयही फिटला.

"पप्पू, आधी तो बोर्ड खाली घे," मोहिनी दातओठ खात म्हणाली.

"श्रद्धांजलीचा बोर्ड तिसऱ्या दिवसाआधी उतरवत न्हाईत, ताई. आन आता हारबी घातलाय."

बोलण्यात अर्थ नव्हता. मोहिनीने स्कूटी काढली आणि विचारत विचारत थेट राजगडाच्या पायथ्याला पाली गाठली. तिथे गोरख नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात कळप बसला होता आणि बांधावर कोंडिबा चटणी-भाकर खात होता. त्याला पाहून ती स्कूटीवरच रडायला लागली.

"मामा, गावात तुम्ही मेलाय!"

"म्या? कवा?"

"काल. बिबट्यानं."

कोंडिबा घास हातात धरून विचार करू लागला. "काल तर म्या हितंच व्हतो. व्हय ना गं?"

"मेलं आसंल तर मघाधरनं भाकरी कोण खातंय?" ठकुबाई म्हणाली.

मोहिनीने सगळी हकिकत सांगितली. कोंडिबाला त्यातली शब्बाथशाळा, पाळकसाहेब काही कळलं नाही. "कोण कोण रडलं म्हणं?" त्याने हळूच विचारलं. "सावळ्या रडला का?"

"सगळ्यांत जास्त."

"आसं?" म्हाताऱ्याने मिशांवरून हात फिरवला. "मंग ऱ्हाऊ द्या की आजचा दीस."

"मामा, उद्या माझी परीक्षा आहे! आत्ता चला माझ्याबरोबर."

"मेंढरं टाकून कसा यिऊ? गोरखला आजच्या रातीचा शबूद दिलाय. मेंढरं टाकून यायचं व्हतं तर 'चांगला मेंढपाळ' कशाला लिवलंत?" मोहिनीने कपाळाला हात लावला. "सकाळी कळप हलवणारच हाय. विंझरवरनंच जातो."

निदान पुरावा तरी हवा म्हणून तिने त्याचा व्हिडिओ घेतला. कोंडिबा कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाला, "म्या बरा हाय. माजी काळजी करू नगा." गावात परतून तिने तो चौकात दाखवला, आणि मघाशी जे रडत नव्हते तेही रडायला लागले.

"शेवटचा व्हिडिओ!" पप्पू गहिवरला. "ताई, मला फॉरवर्ड करा."

"काळजी करू नगा म्हणाला गं," भामाबाईंनी टाहो फोडला. "त्याला आधीच कळलं व्हतं!"

तासाभरात तो व्हिडिओ वेल्ह्यापर्यंत पोचला. मोहिनी जो भेटेल त्याला सांगत होती, आत्ता मी बघून आले, बोलून आले, जिवंत आहेत. लोक तिच्या पाठीवरून हात फिरवून तिला पाणी देत होते. शेफाली आणि वर्गातली पोरं तिच्या मागे मागे फिरून हा सगळा प्रकार तोंडं उघडी ठेवून बघत होती. आता परीक्षेचा वर्ग कसला घ्यायचा? रविवारी सकाळी तिने देवाला एवढंच विनवलं, की साहेबांची गाडी वाटेत पंक्चर होऊ दे.

गाडी पंक्चर झाली नाही. ती बरोबर शोकसभेच्या गर्दीत येऊन अडकली. पाळकसाहेब खाली उतरले, समोरचा बोर्ड त्यांनी वाचला आणि ते जागीच थबकले. चांगला मेंढपाळ, मेंढरांसाठी दिलेला जीव, आणि पुढे शेकडो माणसं डोळे पुसत बसलेली! गेल्या वर्षी पाचदहा पोरांना गोष्ट समजावता न येणाऱ्या बाईने एका वर्षात अख्खं गाव गोळा केलं, हे त्यांना खरंच वाटेना.

पांढरे कपडे, चष्मा आणि चारचाकी असलेला पाहुणा शोकसभेतून न बोलता सुटत नसतो. हनुमंतरावांनी त्यांच्या हातात माईक दिला. मोहिनी लांबून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती. साहेबांना वाटलं, ती प्रार्थना करते आहे.

"बंधुभगिनींनो," साहेब हात उंचावून म्हणाले, "रडू नका! ज्याच्यासाठी तुम्ही रडता, तो मेलेल्यांत नाही. तो जिवंत आहे, आणि तो येणार आहे!"

"हेच म्हणतोय आम्ही कालपासून," सरपंच मान डोलावून म्हणाले.

आणि पालीच्या वाटेने धूळ उठली. आधी कुत्रं आलं, मग मेंढरं, आणि मेंढरांच्या मागून खांद्यावर कोकरू घेतलेला, लाल पागोट्याचा कोंडिबा. डोक्यामागे सकाळचं ऊन.

माईक साहेबांच्या हातून सुटला. भामाबाई पटकन खाली बसल्या. अर्धी सभा शाळेच्या दिशेने पळाली. एकटा सावळाराम जागचा उठला, कोंडिबापाशी गेला आणि त्याचा दंड दाबून बघितला.

"मेला न्हाईस व्हय रं? मंग म्या काय उगाच रडलो?" असं म्हणून त्याने भर चौकात त्याला मिठी मारली.

सगळा उलगडा व्हायला दोन वेळचा चहा लागला. कोंडिबा आणि ठकुबाई मोहिनीच्या ओट्यावर बशीतून चहा पीत होते, आत पोरं रांगेत बसली होती, आणि पाळकसाहेब अजून घाम पुसत होते. मोहिनीने मनातल्या मनात वर्गाला केव्हाच निरोप दिला होता. साहेबांनी तेच जुनं चित्र पुढे केलं.

"ही कबर रिकामी. तिसऱ्या दिवशी काय झालं?"

शेफाली उठली. मोहिनीने डोळे मिटून घेतले.

"सर, तो गेला म्हणून समदी रडत होती," शेफाली सावकाश म्हणाली. "मग एक बाई जाऊन त्याला भेटून आली. ती म्हणाली, तो जिवंत हाय. पण तिचं कुणीच ऐकलं न्हाई. तिला येडी ठरवलं. आन मग तो आला."

बायबलातही जिवंत येशूला आधी एक बाईच भेटली होती आणि तिचंही कुणी ऐकलं नव्हतं. साहेब मोहिनीकडे बघत होते, आणि मोहिनी खुशाल रडत होती.

"मोहिनीबाई," शेवटी ते म्हणाले, "भोरचीच मुलं अधूनमधून इकडे पाठवतो. चालेल ना?"

"चालेल की, साहेब."

"छान. मग आता पुढचं चित्र. प्रभू स्वर्गात वर जातात ते. त्यालाही हेच गृहस्थ घ्या."

ओट्यावरून कोंडिबाने आनंदाने मान हलवली आणि पागोटं नीट केलं. ठकुबाईने मात्र बशी खाली ठेवली. "न्ह्या की वर," ती म्हणाली. "पर मेंढरं मागं कोण बघणार, ते आदी ठरवा."