मूळचे शॉकअप आणि वर्गाचा मासा

माझी गाडी अठरा वर्षांची झाली, पण शॉकअप अजून मूळचेच आहेत! हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. शिकवायची हौस जुनीच, म्हणून त्या सकाळी नातीलाही धडा दिला.

"हे बघ बाळ, चाकाला बसलेला दणका स्प्रिंग झेलते, आणि नाचणाऱ्या स्प्रिंगला शॉकअप आवरतो." मी बॉनेट दाबून सोडलं. गाडी वरखाली झाली. एक, दोन, तीन... चांगली सात वेळा!

"बघ, या वयातही किती जीव आहे तिच्यात!"

नातीचं लक्ष हातातल्या बरणीकडे होतं. बरणीत तिच्या वर्गाचा सोनेरी मासा. सुट्टीभर तिने जिवापाड सांभाळलेला. आज शाळा भरायच्या आत तो वर्गात पोचवायचा होता. आणि अर्थातच जिवंत!

"आजोबा, चालत जाऊ या ना. दोनच तर किलोमीटर."

"बस गं! थेंबभर सांडणार नाही."

पहिला गतिरोधक मी गोगलगाईच्या चालीने ओलांडला. गाडी मात्र पुढे बराच वेळ उचकी लागलेल्या हत्तीसारखी हलत राहिली.

"आजोबा, दोन बोटं पाणी गेलं!"

"कुठे गेलं?"

"माझ्या मांडीवर!"

मग खड्डा आला. मग त्याचा थोरला भाऊ.

"हळू ना!"

"हळूच चालवतोय!"

"मग गाडी का नाचतेय? आजोबा, मासा!"

मी ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातलं आणि मासा बरणीतून उडून थेट समोरच्या काचेखाली! मी झडप घातली, तो ओल्या साबणासारखा निसटला. शेवटी नातीने ओंजळीत धरून त्याला बरणीत सोडलं. पाणी उरलं होतं तीन बोटं. मासा आडवाच पडला. आम्ही दोघंही श्वास रोखून बघत राहिलो.

कल्ला हलला. मग शेपटी.

गाडी थांबली होती ती नेमकी एका गॅरेजसमोर. मेकॅनिकने येऊन बॉनेट दाबलं.

"काका, एकदा दाबलं की वर येऊन गप्प बसायला पाहिजे. हा तर पाळणा झालाय! किती पळालीय?"

"एक लाख चाळीस हजार."

"आणि शॉकअप?"

"मूळचेच!" सवयीने छाती पुढे आली.

"ऐंशी हजार झाले की तपासत राहायचं असतं. रस्ते असे असतील तर त्याआधीच. हे कधीच गेलेत."

"अहो, पण सात वेळा..."

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "तो जीव नव्हता."

तिने बरणी छातीशी धरली, दार उघडलं आणि उतरली. "तुम्ही गाडी घेऊन या सावकाश. आम्ही दोघं चालत जातो."

पुढे आणखी पाच गतिरोधक होते. मी वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा मासा मोठ्या टाकीत ऐटीत फिरत होता आणि सगळी पोरं काचेला नाक लावून उभी होती.

"या आजोबा!" बाई म्हणाल्या. "मासा केव्हाच आला. तुम्हाला कसा एवढा उशीर झाला?"

मान खाली घालून म्हणालो, "गाडीने आलो ना..."