रोलर कोस्टरची खंडेनवमी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. कारण या गोष्टीत मी जमिनीपासून साठ फुटांवर एका आजींचा पदर मुठीत धरून बसलोय! पण राजेहो, गोष्ट अभिमानाची आहे. आणि अभिमान पोटात ठेवला की नागपूरच्या माणसाला ॲसिडिटी होते.

मी ध्रुव. कोरमंगलात पीजीत राहतो, एका स्टार्टअपमध्ये कस्टमर सपोर्टला आहे. शिक्षण बी.कॉम. पण रोलर कोस्टर या विषयात अख्ख्या बंगळुरात मला तोड नाही! कुणी शिकवलं नाही. कॉटवर पडून, मोबाइलवर, तीन वर्षं एकट्याने शिकलो. रूममेट क्रिकेट बघायचा, मी वेल्डिंग बघायचो.

विचारा काहीही! तीन-चारशे वर्षांपूर्वी रशियातली माणसं लाकडी मचाण बांधायची, उतारावर पाणी ओतायची, बर्फ झाला की घसरायची. फ्रेंचांकडे तेवढा बर्फ नव्हता, त्यांनी चाकं लावली. मग १८८४ साली न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावर एक गाडी आली, ताशी सहा मैल! म्हणजे इथल्या सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकपेक्षा जरा फास्ट. आणि तेवढ्यासाठी लोक रांगा लावायचे!

हे सगळं ऐकून घेणारा जगात एकच माणूस आहे, माझा मित्र विराज. हा इथलाच. त्याचं मराठी घराणं चारशे वर्षांपासून इकडे, त्यामुळे त्याच्या मराठीत मधेमधे कन्नडचे खडे लागतात. आनेकल रोडवरच्या एका छोट्या पार्कात तो मेंटेनन्सला आहे. त्या पार्कात यंदा पहिला रोलर कोस्टर आला. आणि मालक रघुजी अण्णांनी जाहीर केलं, "खंडेनवमीला पूजा, पूजेनंतर पहिली फेरी. फेरी सरळ झाली तर राइड इनचार्ज विराज. नाही झाली तर मशीन परत, आणि मशीन पास करणाराही परत!"

विराजने दोन महिने वाळूच्या गोण्या बसवून ट्रायल घेतल्या होत्या. एक नट त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. मला म्हणाला, "तू ये. अण्णांना इतिहास आवडतो, दोन शब्द बोल. पण लेका, फक्त बोल. हात कशालाच लावू नको."

"अबे, मी एक्स्पर्ट आहे!"

"म्हणूनच सांगतोय."

आता खंडेनवमीला बंगळुरात काय असतं ते नवीन माणसाला सांगितलं पाहिजे. आपल्याकडे पुस्तकं, हत्यारं पुजतात. इथे ज्याला चाक आहे ते सगळं पुजतात! स्कूटर, बस, भाजीची गाडी. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, समोर कोहळा फोडायचा, वर चुरमुरे वाटायचे. मग गाडी लिंबावरून पुढे न्यायची. लिंबू फच्च झालं की वर्षभर अपघात नाही.

पार्कातही तेच चाललं होतं. कोस्टरची गाडी नव्या नवरीसारखी स्टेशनात उभी. भटजींनी लिंबांची पिशवी काढली आणि विचारलं, "चाकं किती?"

विराज तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "एका डब्याला बारा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी छाती दोन इंच फुगली.

"चार रुळाच्या वर, चार बाजूला आणि चार रुळाच्या खाली. हे खालचं चाक शंभर वर्षांपूर्वी निघालं. तेच गाडीला हवेत उडू देत नाही. सगळ्यात मोठं काम त्याचं!"

"पण खालच्या चाकाच्या खाली काय आहे?" भटजी म्हणाले.

"काही नाही. हवा."

"मग लिंबू ठेवू कशावर?"

यावर कुठल्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं! वीस मिनिटं चर्चा झाली. एक म्हणाला दोऱ्याने टांगा. एक म्हणाला चाक उलटं तर लिंबूही उलटं चालेल, वर ठेवा. विराज दात-ओठ खात म्हणाला, "वरच्या चाकांना लिंबू ठेवा, बाकीच्यांना कुंकू लावा. गाडीला काहीही बांधायचं नाही. काहीही म्हणजे काहीही! सरी, ठीक?"

"सरी, सरी," सगळे म्हणाले.

तेवढ्यात अंबुबाई आल्या. रघुजी अण्णांची आई, वय चौऱ्याहत्तर, नऊवारी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. या घराची रीत अशी की कुठलीही नवी गाडी आली की पहिली फेरी अंबुबाईंची. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच बसल्या होत्या. जेसीबी आला तेव्हाही!

विराज गाडी चालवायच्या पॅनेलकडे गेला. अंबुबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला खुणेनं बोलावलं. "ए पोरा, ही अशी बोडकी जाणार? एक माळ तरी बांध की रे."

"आजी, विराज नको म्हणालाय."

"तुला तर सगळं माहीत आहे म्हणे. पुढं नको, मागं बांध."

तुला सगळं माहीत आहे! असं मला आईसुद्धा कधी म्हणाली नव्हती. मी विचार केला, शेवटच्या डब्यामागे काय असतं? काही नसतं! एक सहा हात लांब माळ घेतली आणि मागच्या दांडीला बांधली. नागपुरी गाठ. सुटली तर नाव बदलीन!

कोहळा फुटला. अंबुबाई पहिल्या डब्यात बसल्या आणि शेजारच्या सीटवर हात आपटत म्हणाल्या, "ये. वाटेत इतिहास सांग."

आता इथे एक कबुली. मी आजवर एकाही रोलर कोस्टरमध्ये बसलो नव्हतो. एकाही! अभ्यास वेगळा, बसणं वेगळं. पोहण्यावरची पुस्तकं वाचणाऱ्याला कुणी विहिरीत ढकलतं का? पण समोर तीस माणसं, नगारा वाजतोय, टाळ्या पडतायत. बसलो.

फच्च! फच्च! फच्च! लिंबं फुटली, गाडी निघाली, चढावर चेनला लागली.

"हा टकटक आवाज कसला?" आजी.

"ख... खटके आहेत आजी. गाडी मागे घसरू नये म्हणून."

"म्हणजे रहाटासारखं. मग तू काऊन, काऊन काय म्हणतोयस मघापासून?"

"काऊन बसलो, म्हणजे कशाला बसलो, म्हणतोय."

आणि साठ फुटांवर गाडी थांबली.

टकटक बंद. नगारा बंद. खालून रघुजी अण्णांचा आवाज, "विराज! हे काय? पहिल्याच फेरीला?"

विराज पॅनेलवरून ओरडला, "अण्णा, स्टेशनचा सेन्सर सांगतोय की गाडी अजून स्टेशनातच आहे!"

"गाडी वर आहे, माझी आई वर आहे, आणि तुझं मशीन म्हणतंय खाली आहे? अय्यो! असलं आंधळं मशीन तू पास केलंस? उद्या ट्रक बोलाव. आणि तूही बस त्याच्यात!"

मी मान वळवून मागे पाहिलं. शेवटच्या डब्यामागे फक्त गाठ होती. गाठ पक्की, माळ गायब! चेनच्या पहिल्याच झटक्याने, शेवटचा डबा स्टेशनात असतानाच, ती तुटली होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्टेशनखाली, रुळाच्या बाजूला, लाइटचा एक डोळा असतो. गाडी निघून गेली की त्याला समोर मोकळं दिसायला हवं. त्याच्यासमोर आता माझा झेंडू लटकत होता! त्याला वाटत होतं गाडी अजून समोरच आहे, आणि चढावरचा डोळा म्हणत होता गाडी इथे आहे. एका वेळी दोन गाड्या? म्हणून कॉम्प्युटरने चेन थांबवली.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. वाऱ्याने माळ उडून गेली असती, मशीन बदनाम, विराज ट्रकमध्ये. एक्स्पर्ट मात्र एक्स्पर्टच राहिला असता!

मी डोळे घट्ट मिटले, आजींचा पदर पकडला आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "अण्णाऽऽ! मशीन आंधळं नाही! आंधळा मी आहे! सेन्सरसमोर माळ आहे, ती मी बांधली! विराजने नको म्हटलं होतं! हातभर झेंडू मधे आला तरी जे मशीन थांबतं, ते खराब नाही अण्णा, ते शहाणं आहे! त्याला पास करणाराही शहाणा आहे!"

खालून अण्णा गरजले, "माळ बांधायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"मी!" शेजारून अंबुबाई ओरडल्या. "काय म्हणणं आहे तुझं, रघू?"

रघू वाकून माळ शोधायला लागला.

विराज चढाच्या बाजूच्या पायऱ्यांवरून पळत वर आला. "अंबुबाई, माळ काढली. पण नियम आहे, आता तुम्हाला जिन्याने उतरवतो."

मी तर बेल्टला हात घातलाच होता!

"बेडा!" आजींनी माझं मनगट धरलं. "नको म्हणजे नको. कोहळा फुटलाय. अर्ध्यावरून उतरले तर देव काय म्हणेल? नीट सगळं बघ, आणि सोड."

विराजने प्रत्येक खटका तपासला, पट्टे ओढून बघितले, खाली जाऊन पॅनेल तीनदा पाहिलं. मग टकटक सुरू झाली.

पुढचं मला फारसं आठवत नाही. पोट आनेकलला आणि मी हवेत. पण एक आठवतं, पहिल्या उतारावर आजी अशा काही ओरडल्या की झाडावरचे बगळे उडाले! गाडी स्टेशनात आल्यावर मी विचारलं, "आजी, घाबरलात?"

"छे रे. चौऱ्याहत्तर वर्षांत एवढं मोकळं ओरडता आलंच नव्हतं. घरी ओरडलं की सगळे विचारतात, काय झालं, काय झालं. इथं कुणी विचारलं नाही."

तीन वर्षांचा माझा अभ्यास, आणि लोक असल्या गाडीत का बसतात हे मला तेव्हा कळलं.

अण्णांनी तिथेच, चुरमुऱ्याच्या टोपलीसमोर, विराजच्या खांद्यावर हात ठेवला. "इनचार्ज!" एवढंच म्हणाले. विराजचे डोळे भरले आणि माझे त्याच्याआधी. माझा मित्र, राजेहो! बंगळुरातला सगळ्यात शहाणा रोलर कोस्टर त्याच्या हाताखाली आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं प्लॅटफॉर्म धूत होतो. लिंबाच्या बिया काढत मी म्हणालो, "चल इनचार्ज, आता एक फेरी तुझ्यासोबत."

तो झाडू मारतच राहिला.

"काय बे? दोन महिने ट्रायल घेतल्यास ना?"

"गोण्या बसवल्या मी," तो हळूच म्हणाला. "स्वतः नाही बसलो. मला स्वल्प... जत्रेतल्या पाळण्याचीही भीती वाटते रे. अण्णांना कळलं तर आजच दिलेली पोस्ट आजच जाईल. अख्खं आनेकल हसेल. ध्रुव, तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

मी त्याचा हात हातात घेतला. "आईशप्पथ, विराज! एका माणसाला सांगणार नाही!"