नकाराचं प्रात्यक्षिक

पहाटेच्या शांततेत डब्याचं झाकण ओट्यावरून घरंगळलं आणि फरशीवर गिरक्या घेत बराच वेळ वाजत राहिलं. मी त्यावर पाय ठेवला, पण उशीर झाला होता. चार वर्षांची वैष्णवी पांघरुणासकट चालत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "तू कुठे चाललीस?"

आई गेल्यावर उठलेलं मूल आजीकडे राहतं, आई असताना उठलेलं मूल आईबरोबर जातं. आमच्या घरात हा नियम कोणत्याही परिपत्रकाशिवाय काटेकोरपणे पाळला जातो. त्यानुसार पंचवटीतून रिक्षा निघाली तेव्हा माझ्या मांडीवर वैषू होती आणि वैषूच्या मांडीवर तिची बाहुली.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्या दिवशी 'आरोग्यशिक्षकांसाठी मानवी हक्क' या आमच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की उपस्थिती पूर्णतः ऐच्छिक असून अनुपस्थितांवर कारवाई करण्यात येईल. व्यक्तिस्वातंत्र्याचं सत्र चालू असताना कुणी निघून जाऊ नये म्हणून सभागृहाला आतून कडी घातलेली असे. मानवी प्रतिष्ठेच्या सत्रात लघवीला जायचं झालं तर हात वर करून सर्वांसमक्ष कारण सांगावं लागे.

आम्हाला शिकवायला तृप्ती मॅडम आल्या होत्या. हुद्दा 'साधनव्यक्ती'. बाई मनाने फार चांगल्या, छातीवर हात ठेवून बोलत. "आपण पेशंटला नावाने हाक मारतो का? नाही. आपण म्हणतो, सात नंबरचं पित्ताशय." आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी जरा जास्तच खाली घातली, कारण मी विद्यार्थिनींना घेऊन जाते त्या वॉर्डात सात नंबरला खरोखरच एक पित्ताशय होतं.

शेवटचं प्रात्यक्षिक 'रुग्णाची संमती' हे होतं. त्यासाठी कॉलेजचा इंजेक्शनचा पुतळा आणला. मुली त्याला प्रेमाने अक्काबाई म्हणतात. माझी मैत्रीण पल्लवी अक्काबाईसमोर वाकली आणि तिने विचारलं, "ताई, आपली संमती आहे का?" अक्काबाई गप्प. मौन म्हणजे संमती धरून पल्लवीने सुई टोचली. टाळ्या झाल्या.

"संमती सुंदर झाली," तृप्ती मॅडम म्हणाल्या. "पण नकार कुठाय? नकाराशिवाय प्रात्यक्षिक अपूर्ण. मग अख्ख्या बॅचला पुढच्या महिन्यात परत यावं लागेल."

पुढच्या महिन्यात परत सगळं. परत सासूबाईंची मनधरणी, परत वैषूचं गेटपाशी रडणं. ती माझ्या पायाशी बसून बाहुलीला इंजेक्शन देत होती, तेही न विचारता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, माझ्या वॉर्डात एक बाई आहेत. खूप बोलक्या आहेत."

मालनबाई इगतपुरीकडच्या. ऑपरेशन होऊन टाके सुकलेले, सकाळीच डिस्चार्ज ठरलेला. मी गेले तेव्हा त्या नवीकोरी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर तयार बसल्या होत्या. धाकटा भाऊ शेखर पिकअप घेऊन गेटवर उभा होता.

"ताई, आज बारसं हाय शेखरच्या पोरीचं," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी पाळणा हालला घरात. आन् मी एकुलती एक आत्या. मी कानात नाव सांगितल्याबिगर पाळण्याची दोरी कुणी हलवायची नाय."

"नाव काय ठरवलंय मावशी?"

"अजून पोरीलाच नाय सांगितलं, तर तुम्हाला कसं सांगू?"

"बरं, दोन मिनिटं येता का? नुसतं नाही म्हणायचं आणि जायचं."

एवढ्या साध्या कामाला कोण नाही म्हणेल? त्या आल्या.

पण दारातच अडचण निघाली. डिस्चार्ज झाला की बाई पेशंट राहत नाही आणि आमचं प्रशिक्षण तर पेशंटच्या हक्कांचं. "मग उरतात ते नागरिकांचे हक्क," तृप्ती मॅडम खेदाने म्हणाल्या, "ते वेगळं मॉड्यूल आहे." तेव्हा मालनबाईंना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून त्यांचा डिस्चार्ज तेवढ्यापुरता थांबवण्यात आला. अंगावर नव्या साडीवरून वॉर्डाचा हिरवा गाऊन चढला.

पल्लवीने विचारलं, "मालनताई, तपासणीसाठी इथे थांबायला आपली संमती आहे का?"

"नाय," मालनबाई म्हणाल्या. "मला घरी जायचंय."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तृप्ती मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "बघा, किती स्वच्छ नकार आहे. आवाजात भीती नाही. मालनताई, हा नकार 'ब' गटालाही दाखवायला हवा."

'ब' गट चहाला गेला होता. तो आल्यावर मालनबाईंनी पुन्हा नकार दिला, या वेळी आवाज चढवून. टाळ्या जास्त झाल्या. मग कळलं की चित्रण करताना मोबाईल आडवा धरला नव्हता, म्हणून तो नकार उभा आला होता. शिवाय प्राचार्य अजून यायचे होते, त्यांच्यासमोर नकार व्हावा असं सर्वांनाच वाटत होतं.

दुपारी जेवणाचा प्रश्न आला. वॉर्डातून मालनबाईंचं ताट सकाळीच बंद झालं होतं आणि प्रशिक्षणाचं जेवण फक्त प्रशिक्षणार्थींना होतं. जेवणापुरत्या त्या घरी गेल्या होत्या आणि हक्कांपुरत्या वॉर्डात होत्या. मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला. वैषूने आपल्या बिस्किटाचा ओला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खरंच खाल्ला, आणि खिडकीतून गेटकडे बघत म्हणाल्या, "शेखर गेला वाटतं. त्याचं बी खरंय. बाप नसल्यावर बारसं कसं व्हायचं?"

प्राचार्य आले. पल्लवीने विचारलं, "मालनताई, इथे थांबायला आपली संमती आहे का?"

मालनबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. "हाय बाई," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते करा."

टाळी वाजली नाही. तृप्ती मॅडम व्याकूळ झाल्या. "मालनताई, असं नका करू. हा तुमचा हक्क आहे. तुम्हाला नाही म्हणावंच लागेल."

"मॅडम, हो म्हणणं हासुद्धा हक्कच ना?" पल्लवीने विचारलं.

"अर्थात. पण आजच्या वेळापत्रकात नाही."

त्यावर तीन गटांत चर्चा झाली. एका गटाचं म्हणणं पडलं की बाई दबावाखाली हो म्हणाली आहे, म्हणून तिच्यावर नाही म्हणण्यासाठी थोडा दबाव आणावा. दुसरा गट म्हणाला, आता संमती मिळालीच आहे तर प्राध्यापकांनी पोट तपासून घ्यावं, इतक्या छान सुकलेल्या टाक्यांची केस पुन्हा कधी मिळेल? तिसऱ्या गटाने रात्री कुठे जेवायला जायचं ते ठरवलं. दुसऱ्या गटाचं मत मान्य झालं.

तपासणी चालू असताना मालनबाईंच्या पिशवीत फोन वाजला. सभागृहात फोन वाजणं हा साधनव्यक्तीचा अवमान समजला जाई. पण तृप्ती मॅडमनी हात वर केला. "थांबा. नातेवाइकांशी संपर्काचा हक्क. हे आपलं राहूनच गेलं होतं. ताई, घ्या फोन. सगळ्यांना शिकता येईल असा घ्या." कुणीतरी पुढे होऊन स्पीकर लावून दिला.

"आक्का," पलीकडून शेखरचा आवाज आला. मागे बायकांचा गलका होता. "अंधार पडायला आलाय, पाहुणे निघालेत. आता फोनवरच सांग. मी फोन पोरीच्या कानाला लावतो."

मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या गाऊनच्या नाड्या बांधत होते, त्या जरा जास्तच लक्ष देऊन बांधल्या. त्यांनी पाठ वळवली, फोन तोंडाशी घेतला, त्यावर पदर धरला आणि अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

"आक्का, ऐकू नाय आलं. जोरात."

"मागच्यांनाही ऐकू नाही आलं," मागच्या रांगेतून आवाज आला.

तेव्हा मालनबाईंनी डोळे मिटले आणि त्या नाशकातल्या सभागृहात, अनोळखी चेहऱ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाल्या, "ओवी."

पोरीच्या कानाच्या आधी ते आमच्या कानांवर पडलं. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काही आम्हाला शिकवलंच नव्हतं.

समारोपात मालनबाईंना तुळशीचं रोप आणि 'हक्कदूत' असं छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. डिस्चार्जवर सही करणारे डॉक्टर तोवर निघून गेले होते. प्राचार्यांनी 'रुग्णाने स्वेच्छेने मुक्काम वाढवला' असा उल्लेख इतिवृत्तात घ्यायला सांगितलं, म्हणजे पुढे कुणाला प्रश्न पडायला नको. मी मालनबाईंना खाटेपर्यंत सोडायला गेले.

"उद्या तरी सोडाल ना, ताई?"

"हो मावशी. नक्की."

"नाय, विचारलं आपलं," त्या म्हणाल्या आणि गाऊनखालची नवी साडी चुरगळू नये म्हणून कुशीवर वळल्या.

घरी आल्यावर मी वैषूला मोरीत पाटावर बसवलं. दिवसभराचा घाम होता, केस धुणं भाग होतं. मीही आता प्रशिक्षित होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि नीट विचारलं, "वैषू, तुझे केस धुवायला तुझी परवानगी आहे का गं, राजा?"

"नाही," वैषू म्हणाली.

"शहाणी माझी ती," मी म्हणाले. शाम्पू तोवर माझ्या तळहातावर होताच, आणि बादलीतलं पाणी गार होत चाललं होतं. मी तिच्या डोक्याला फेस केला.

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. रडली नाही. जरा वेळ वाट बघितली, मग फेसातून तोंड वर करून विचारलं, "आई, नाही म्हटल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात, का थांबायचं असतं?"