घरच्या व परक्या दुव्यांची कणकवलीकर मोहीम

श्री देव रवळनाथ प्रसन्न. ज्यांस पुस्तक उघडल्यावर नेमके पान सापडत नाही आणि सापडलेच तर ते भलत्याच पुस्तकाचे निघते, ऐशा समस्त वाचक मंडळीचे सेवेसी कणकवलीकर बखरनवीसाचा दंडवत. विशेष ऐसे जे, शके १९२८ व्ययनाम संवत्सरी, इंग्रजी सन २००६, मार्गशीर्ष मासी कणकवली मुक्कामी तुंबळ युद्ध जाहले. त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, चहा मात्र बहुत सांडला. गडकोटांची युद्धे लिहावयास थोर लेखक आहेत. हे युद्ध निळ्या अक्षरांचे होते, म्हणोन आमचे वाट्यास आले. तरी सावध चित्ते वाचावे आणि हसू आल्यास तोंडावर रुमाल धरावा.

कणकवलीस एसटी डेपोनजीक, चपलांचे दुकानाचे माडीवर, संजनाबाईंचा दफ्तरखाना होता. बाई नांदगावच्या दत्तारामपंतांची कन्या. पुण्यास काही वर्षे चाकरी करोन परत मुलखी आल्या, आणि यंत्रे कशी वापरावी व कशी दुरुस्त करावी याची पुस्तके लिहिण्याचा कारखाना त्यांनी येथेच मांडला. पुण्यास पाण्याचे पंप करणारा एक दरबार होता, त्याचे पंपाचे पुस्तक निराळे, मोटारीचे निराळे आणि स्टार्टरचे निराळे, ती सर्व या माडीवर सिद्ध होत. रीत ऐसी की मजकूर एक्सएमएल नामे खुणांचे भाषेत उघडाबोडका लिहावा, आणि त्याचे रंग, अक्षरे, समास ही सर्व वस्त्रे स्टाइलशीट नामे जामदारखान्यात ठेवावी, मग संगणकाने मजकुरास वस्त्रे चढवोन पीडीएफ बाहेर काढावी.

आता या पुस्तकांत दुवे म्हणोन असतात. दुव्यावर टिचकी मारिली असता त्याच पुस्तकाचे दुसरे पान उघडते, तो घरचा दुवा. टिचकीसरशी दुसरे पुस्तकच उघडते, तो परका. दोघांचा पोशाख एकच, निळा. पुण्याचा कारागीर पंप खोलोन बसे, वॉशरचे पान पाहावे म्हणोन निळ्या अक्षरांवर टिचकी मारी, आणि मोटारीचे पुस्तकात जाऊन पडे, मग पंप एकीकडे आणि कारागीर दुसरीकडे. कारागिरांनी दरबारी बोंब मारिली.

सोमवारी ईमेलचे वाटे पुण्याचा हुकूम सादर जाहला की, घरचे आणि परके दुवे पाहताक्षणी ओळखू यावे. शुक्रवारचे सायंकाळपावेतो ऐसे न घडल्यास पुस्तकांचे काम कणकवलीहून उठवोन पुण्यास न्यावे, आणि संजनाबाईंनी खासा पुण्यास हजर होऊन ते चालवावे. ही खबर नांदगावी पोचताच मातोश्री यशोदाबाईंनी रडणे आणि बांधणे एकदमच आरंभिले. कुळथाचे पीठ, सोले, तळलेले गरे, खटखटे लाडू ऐसी पुण्याची पिशवी ओटीवर सिद्ध जाहली. बाईंस जाणे नव्हते. पुण्यात त्यांस उणे काहीच नव्हते, खोली होती, पगार होता. परंतु तेथे इतकी वर्षे राहोनही दर सांजेस आपण कोणाकडे पाहुण्या आलो आहो, ऐसे त्यांस वाटे. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, बखरनवीसाने मात्र जाणिले.

मग बाईंनी माडीवरचे आपले दोन सरदार पाचारिले. पहिले प्रितेशराव मालवणकर, घराणे दर्यावर्दी, स्वभाव भरतीचा. त्यांनी मसलत दिली ती ऐसी:

“दर्यात आमच्या जाळ्यार तांबडो बावटो, शेजाऱ्याच्या जाळ्यार काळो. रंग बदललो की काम झालां, ताई.”

आणि ते जामदारखान्यात शिरले, आणि परक्या दुव्यांनी लाल वस्त्र नेसावे ऐसा हुकूम तेथे लिहिला, आणि यंत्र फिरविले. पीडीएफ उघडोन पाहतात तो परके दुवे लाल आणि घरचेही लाल. पुस्तकास गोवर आला ऐसे दिसो लागले.

दुसरे सरदार निकेतपंत, कणकवलीचेच, कायदेबाज, कोणाचे बरे जाहले की ज्यांस मनापासोन वाईट वाटे. ते वदले:

“कागदार छापल्यार तुझो तांबडो काय नि माझो निळो काय, दोनय काळेच. परक्याच्या फुडे त्याच्या पुस्तकाचा नाव लिव्हूक व्हयां.”

मग त्यांनी परक्या दुव्यांपुढे त्यांचे पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत यावे ऐसी कलमे लिहिली. ऐन लढाईत वीज गेली. इन्व्हर्टर नामे जुना शिलेदार थोडा वेळ लढला आणि शिट्टी घालोन पडला. वीज येताच पुन्हा यंत्र फिरविले, तो पंपाचे पुस्तकात जागोजाग उमटले, ‘पाहा: पंप दुरुस्ती पुस्तिका’. म्हणजे मनुष्याने आपलेच ओटीवर बसोन आपलेच घराचा पत्ता विचारावा, तद्वत.

आता सरदारांत दुही माजली. प्रितेशराव म्हणत तिरप्या अक्षरांनी घात केला, निकेतपंत म्हणत लाल रंग मुळी अपशकुनी. एकाने दुसऱ्याची कलमे पुसावी, दुसऱ्याने पहिल्याची, ऐसे करिता करिता बुधवारी पुस्तकावर एकही वस्त्र उरले नाही आणि ते दिगंबर बाहेर आले. दोघांनी चहा वेगळा मागविला. बाईंनी जामदारखाना ओळ न ओळ तपासिला, त्यात खोट आढळेना. गुरुवारी त्यांनी पुण्याचे गाडीची चौकशी केली आणि कोणास न दिसेल ऐसे डोळे पुसले.

शुक्रवारी दत्तारामपंत नांदगावाहून एसटीने नारळ घेऊन माडीवर दाखल जाहले. लेकीवर संकट आले असता बापाने देवापुढे गाऱ्हाणे घालावे, ही या मुलखाची वहिवाट. संगणकापुढे नारळ ठेविला, टोपी सारखी केली, आणि आरंभ जाहला:

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या कणकवली गावात, ह्या माडयेर, नांदगावच्या दत्तारामाचां चेडू संजना तुझ्याम्होरं उभां आसा, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” ऐसे सर्व म्हणाले. परंतु पंतांनी वाडी सांगितली, मग घर सांगितले, मग आजा, पणजा सांगो लागले, तेव्हा प्रितेशरावांस धीर निघेना.

“काकानू, देवाक ह्यां सगळां म्हायती आसतलां. इतक्यां कित्याक सांगतास?”

पंत रागावले नाहीत. त्यांस गाऱ्हाण्यात अडथळ्याची सवय होती.

“कोण उभां आसा नि खंयचां, तां आधी सांगूक व्हयां, रे. नायतर घरचो कोण नि पावणो कोण, ह्यां देवान ओळखूचां कसां?”

हे ऐकताच संजनाबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्या सावकाश बोलल्या:

“रे, पुस्तकाक कोणी सांगल्यान काय, तू कोण तां?”

सरदारांनी यंत्राचा हुकूम उघडोन पाहिला. कोणीच सांगितले नव्हते. यंत्राचा कायदा ऐसा की दुवा ज्या पुस्तकाचे नाव घेईल ते नाव त्याने आपले नावाशी ताडावे, जुळले तर घरचा, न जुळले तर परका. परंतु यंत्र फिरविण्याचे हुकुमात पुस्तकाचे स्वतःचे नावाची जागा पहिल्यापासोन रिकामी होती. सर्वांस निळेच वस्त्र होते तोवर हे उघड जाहले नाही. आपण कोण हेच पुस्तकास ठाऊक नाही, सबब त्यास सारेच परके, आपले पोटातली प्रकरणेही परकी. ती जागा भरणे तुझे काम, नव्हे तुझे, ऐसा तंटा सुरू होणार, इतक्यात बाईंनी दोघांस गप्प केले, दोघांचीही कलमे जामदारखान्यात परत ठेवविली, आणि आपले हाते एकेका पुस्तकास त्याचे नाव सांगितले. दत्तारामपंतांनी गाऱ्हाणे पुरे केल्यावाचोन यंत्र फिरवू दिले नाही. नारळ फुटला, पाणी कळफलकावर उडाले, निकेतपंतांनी ते आपले सदऱ्याने पुसले, आणि वीज जावयाचे आत पीडीएफ बाहेर आली.

घरचे दुवे निळे, निवांत. परके दुवे लाल, आणि त्यांपुढे तिरप्या अक्षरांत परमुलखीचे पुस्तकाचे नाव. लाल प्रितेशरावांचा, तिरपे निकेतपंतांचे, ऐसा तह जागचे जागी जाहला, आणि चहा पुन्हा एके किटलीतून आला.

पुस्तके पुण्यास रवाना जाहली. सांज होता होता जबाब आला की, ओळखू येतात. काम तेथेच चालू द्यावे. बाईंनी तो जबाब बापास वाचोन दाखविला, मग नांदगावी फोन लाविला आणि इतकेच म्हणाल्या:

“आये, पिशवी सोड.”

पलीकडे मातोश्रींनी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या:

“सोडतंय. लाडू तेवडे मेळूचे नाय हां. तुझ्या बापाशीन कालच खाल्ल्यान.”

पंतांनी खिडकीबाहेर एसटी आली काय ते पाहिले.

येणेप्रमाणे घरचे व परके दुव्यांची सरहद्द कायम जाहली, पुस्तकांस आपापली नावे कळली, दोन्ही सरदार हयात राहिले, आणि कणकवलीची माडी कणकवलीसच राहिली. संजनाबाई त्याच सांजेस बापाबरोबर नांदगावी गेल्या. कुळथाचे पीठ पुण्यास गेले नाही. त्याची पिठी केली आणि भातावर वाढली.