गुंजकरभाऊंची लाल टिकली

आमच्या शेजारच्या गुंजकरभाऊंनी पास केलेली वस्तू निदान मी तरी पाहिलेली नव्हती. चाकणला एका कंपनीत ते तपासणी खात्यात आहेत. गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर येतात, ते बघतात, मोजतात, आणि चांगल्यावर हिरवी नाहीतर वाइटावर लाल अशी गोल टिकली चिकटवतात. त्या टिकल्यांची पानं भाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम असतात. कंपनीची बस त्यांना रहाटणीत सोडून जाते, पण तपासणी खातं काही बसमधून उतरत नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टला लाल टिकली आहे. जिन्यातली एक पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच आहे, तिला आहे. सेक्रेटरींच्या नव्या कोऱ्या स्कूटरला होती, त्यावरून सोसायटीची मीटिंग झाली आणि त्या मीटिंगच्या चहाच्या थर्मासलाही भाऊंनी एक लावली.

मी डबे करते. तळवड्याला कामाला जाणाऱ्या पोरांना पोळीभाजी पोचवते. एकदा भाऊ दारात उभे राहून माझी पोळ्यांची चळत बघत होते. वरची एक उचलून त्यांनी ट्यूबलाइटकडे धरली आणि म्हणाले, "ताई, एका अंगाला जाड हाय बगा." झाकणावर टिकली लावून मोकळे. माझ्या हातात लाटणं होतं, तरी मी काही केलं नाही, याचं सगळं श्रेय माझ्या आईच्या शिकवणीला आहे.

"हिरवी कधी लावता हो?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"तसं काई घावलं की लावतो की. पण खोटं पास करायचं नसतंय, ताई."

'खोटं पास' हा त्यांचा आवडता शब्द. भाऊ मूळचे लातूरकडचे, इथं येऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण भाषा गावाकडचीच ठेवलीय. भिडेखातर वाईट मालाला चांगलं म्हणणं म्हणजे खोटं पास, आणि जगात याहून मोठं पाप नाही असं त्यांचं मत आहे.

सॅलडचं प्रकरण सुरू झालं ते एका गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी. मी कणीक मळत होते, तेवढ्यात भाऊ थाळी घेऊन आत आले.

"ताई, तोंड मोकळं हाय का?"

थाळीत काकडी, कांदा, गाजर, वरून हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लिंबू. मी एक चकती तोंडात टाकली आणि मला माझे दिवंगत आजोबा दिसले.

"तिखट झालं का?" भाऊंनी शांतपणे विचारलं. मी मान हलवली. ते खुश झाले. "मनजे दिशा बरोबर हाय."

झालं होतं असं, की त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्यानंतर सगळे चाकण रोडच्या एका हॉटेलात जेवायला गेले होते. तिथं 'स्पायसी सॅलड' नावाची एक थाळी आली. बाकीच्या जेवणाला भाऊंनी सडकून लाल टिकली दिली. ऑर्डर यायला इतका वेळ लागला म्हणे की भाचा उठून दोनदा आत बघून आला. "हॉटेल रिजेक्ट," भाऊ म्हणाले, "पण सॅलड एक नंबर. ते घरी जमवायचं."

मला वाटलं, एक-दोन सुट्ट्यांचं खूळ असेल. पण भाऊ ट्रायल घ्यायला लागले. कंपनीत नवा माल सुरू करताना घेतात तशी. काकडीची चकती कापली की ते खिशातून व्हर्नियर काढायचे, म्हणजे लोखंडाची जाडी मोजायचं ते हत्यार, आणि त्यात काकडी धरायचे. जरा जाड निघाली की बाजूला. बाजूला पडलेली काकडी कुणी खायची नाही, कारण रिजेक्ट माल चांगल्यात मिसळतो. कांदा बर्फाच्या पाण्यात, गाजर बर्फाच्या पाण्यात, आणि बर्फ आमच्या फ्रीजमधला. मी म्हटलं, "भाऊ, काकडीला आधीच मीठ लावू नका, पाणी सुटतं." त्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा अनुभव हाय ताई, पण ट्रायल घेतल्याशिवाय काय बोलता येत नाही."

चवीला आम्ही शेजारी होतोच. सेक्रेटरींना उचक्या लागल्या. वॉचमन पुढच्या गुरुवारपासून भाऊ दिसले की गेटबाहेर जाऊन रस्ता बघत उभा राहायचा. नुसतं "छान आहे" म्हणून सुटकाही नव्हती. भाऊ लगेच बोट रोखून म्हणायचे, "खरं सांगा. खोटं पास नको."

या सगळ्यात शोभावहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, त्यांच्या घरी सोफ्याच्या कोपऱ्यात, पुढ्यातली वाटी नुसती चिवडत बसून असायच्या. एरवी आमच्या मजल्यावर हसण्याचा आवाज यायचा तो यांचाच. उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. बऱ्या झाल्या, डॉक्टरांनी सगळं खा म्हणून सांगितलं, पण त्यांची जेवणावरची वासना जी उडाली ती परतलीच नाही. मी मुद्दाम त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी पाठवायचे. डबा धुऊन परत यायचा, पण जिन्यातली मांजर अलीकडे फार गुबगुबीत झाली होती.

इकडे सॅलड बिघडत चाललं. आधी तिखट होतं, पण करकरीत तरी होतं. मग ते आंबट व्हायला लागलं. मग काकडी लिबलिबीत. एका गुरुवारी तर मी घास तोंडात घेतला आणि तो फिरवतच राहिले, गिळायचं धाडस होईना.

भाऊंचा चेहरा मात्र उजळला होता. "आता लई जवळ आलोय, ताई."

"कशाच्या जवळ?"

ते मला त्यांच्या फ्रीजपाशी घेऊन गेले. खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा होता. वर चिठ्ठी, 'मास्टर पीस. हात लावू नये.' भाऊंनी समजावून सांगितलं. कंपनीत प्रत्येक भागाचा एक अस्सल नमुना जपून ठेवतात, त्याला मास्टर म्हणतात. नवा माल त्याच्याशी ताडून बघायचा. तसं त्यांनी हॉटेलातून सॅलडचं पार्सल आणून ठेवलं होतं. दर ट्रायलला आधी मास्टरची एक चिमूट खायची, मग आपल्या सॅलडची, आणि फरक काढायचा.

त्यांनी झाकण उघडलं. मी पदर नाकाला लावला.

"भाऊ, हे कधीचं?"

"पयल्या ट्रायलच्या आदल्या दिवसाचं."

"अहो, नासलंय हे."

"मास्टर नासत नसतंय, ताई."

"लोखंडाचा नासत नसेल. हा काकडीचा आहे."

भाऊंनी डबा नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं, मग परत डब्याकडे. इतके गुरुवार हा माणूस ताजी काकडी मेहनतीनं नासक्या काकडीसारखी करत आणत होता. मला हसू आवरेना. मी ओट्याला धरून हसले. मग माझ्या लक्षात आलं की ते स्टुलावर बसलेत आणि हसत नाहीयेत.

"दुसरं पार्सल आणा की भाऊ, त्यात काय एवढं?"

त्यांनी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं. आवाज खाली आणला.

"पार्सलचं आणलं तेव्हा हिनं हात बी लावला नाही. पण त्या दिवशी हॉटेलात हिनं दोन थाळ्या खाल्ल्या, ताई. टायफॉइडनंतर पयल्यांदा तोंडानं मागून खाल्लं. अजून आहे का, मनली. भाचा हसत होता, मला मात्र पुढं जेवण गेलं नाही. रिपोर्ट सगळे ओके हायेत हिचे. पण माणूस ओके नाही ना."

"मग वहिनींनाच विचारा ना, कसं होतं ते."

"विचारलं की संपलं. माझ्यासाठी करतेत मनून ती डोळे मिटून खाईल. चांगलं झालंय मनेल. तसं नको मला. खोटं पास नको."

मला त्या माणसाची एकदम माया आली. माझ्या पोळ्यांना लावलेल्या सगळ्या टिकल्या मी तिथल्या तिथं माफ केल्या.

घरी येऊन पोळ्या लाटायला लागले तरी डोक्यात तेच. हॉटेलात असं काय होतं, जे पार्सलमध्ये आलं नाही? आणि लाटता लाटता मला भाऊंची पहिली तक्रार आठवली. ऑर्डरला उशीर झाला होता. भुका लागलेल्या, थाळी मधोमध, चारचौघांच्या गप्पा, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. घरी काय व्हायचं? भाऊ वाटी वहिनींच्या पुढ्यात ठेवायचे आणि हाताची घडी घालून समोर उभे राहायचे. तपासणी खातं समोर उभं असताना कुणाच्या घशाखाली घास उतरणार?

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी कढई घेऊन त्यांच्या दारात गेले. "वहिनी, माझा सिलेंडर संपला बघा ऐनवेळी. डब्यांची भाजी तुमच्या गॅसवर करून घेऊ का?"

भाऊंना मी आधीच बजावलं होतं, की व्हर्नियर कपाटात आणि सॅलड आपल्या अंदाजानं, खाली मधोमध ठेवायचं. एका शेगडीवर माझी भाजी चढली आणि दुसरीवर बटाटे. त्यामुळे वहिनींचा स्वयंपाक राहिला. त्या माझ्यासोबत लसूण सोलायला बाहेरच्या खोलीत खाली बसल्या. भाजी मी इतक्या मंद आचेवर ठेवली की तीसुद्धा कंटाळली असेल. आणि मी बोलायला लागले. आमच्या सासूबाईंनी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि तो आत वाजत असताना त्या देवापुढे हात जोडून बसल्या होत्या, ते सांगितलं. वहिनी हसल्या. हसता हसता त्यांचा हात थाळीकडे गेला.

भाऊ समोर बसले होते. त्यांनी ते पाहिलं आणि पुतळा झाले. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे एवढे मोठे केले, म्हणजे बोलत राहा. मी बोलत राहिले. सासूबाई संपल्या तेव्हा सेक्रेटरी घेतले, सेक्रेटरी संपल्यावर मी चक्क माझ्या लग्नातली फजिती काढली, जी मी कुणाला सांगत नाही. वहिनींनी गाजर खाल्लं. कांदा खाल्ला. ठेचा बोटाला लागला तो चाटला. काकडीच्या चकत्या एक जाड, एक बारीक, अगदी वेड्यावाकड्या होत्या.

मग त्यांनी थाळीत पाहिलं. "अवो, संपलं की हे. अजून आहे का?"

भाऊ म्हणाले, "बगतो." अगदी साध्या आवाजात. आत गेले, आणि सुरी चालल्याचा आवाज यायला लागला, खटाखटा, न मोजता.

त्या रात्री वहिनी भाकरीही जेवल्या. आपण सॅलड खातोय हे कुणी बघत होतं, याचा त्यांना अजूनही पत्ता नसावा. किंवा असेलही.

दुसऱ्या दिवशी भाऊंची दुसरी पाळी होती. सकाळीच दारात आले. "ताई, सिलेंडर संपला मनलाव ना काल. भरलेला लावून देतो."

मी नको नको म्हणेपर्यंत ते ओट्याखाली वाकले होते. त्यांनी सिलेंडर हातानं जरासा उचलला. उचलला की वजन कळणारच, उभा जन्म तपासणीत गेलेला माणूस. चांगला जड होता, आठवड्यापूर्वीच लावलेला. ते तसेच वाकून राहिले. मी कोथिंबीर निवडण्यात डोकं खुपसलं.

थोड्या वेळानं ते उठले, हात झटकले. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपारी मी ओट्याखाली झाडू घातला, तेव्हा सिलेंडरवर ती दिसली. हिरवी होती.