हौसाबाईंची सुकट आणि घटनात्मक धूर

हवा ही सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे तिच्यावर हक्क प्रत्येकाचा असतो आणि जबाबदारी दुसऱ्याची. हे उदात्त तत्त्व पळस्प्याजवळच्या हौसाबाईंना १९९१ पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या अंगणात सुकट वाळवायच्या आणि पनवेलच्या बाजारात विकायच्या. त्या वर्षी कुंपणापलीकडे धर्मराजशेठचा रंगाचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या बुटक्या धुरांड्यातली काजळी थेट सुकटीवर बसू लागली. काळी सुकट गिऱ्हाईक हातात घेईना.

शेठ कमालीचे कायदाप्रेमी. (सगळ्या परवानग्या त्यांनी देवांच्या तसबिरींशेजारी लावल्या होत्या.) ते म्हणाले, "बाई, धुराचा नियम दाखवा, आत्ता पाळतो!"

नियम आणायला बाई कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी सुकट सहानुभूतीने हुंगली. "नियम करणं आमदारांचं काम. आम्ही त्यात ढवळाढवळ करणं शोभत नाही."

आमदार हळहळले. "उद्याच विधेयक मांडलं असतं हो! पण तुम्ही कोर्टात गेलात. आता प्रकरण न्यायप्रविष्ट झालं."

दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला की लोकशाही धन्य झाली.

"मंग माजी सुकट कोनाकडं हाय?" बाई म्हणाल्या. (मत्स्यखात्याने कळवलं, की मासा वाळल्यावर त्यांच्याकडे राहत नाही.)

पुढच्या जूनमध्ये कारखान्यात पर्यावरण दिन साजरा झाला. आमदार कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यात आले. शेजारधर्म म्हणून खुर्च्या मांडायचं काम हौसाबाईंनी मागून घेतलं आणि व्यासपीठ आपल्या कुंपणालगत नेलं.

"सायेब, हितं वारा बरा हाय."

वारा खरोखरच बरा होता. हिरव्यागार वसुंधरेवर भाषण करून आमदार खाली बसले, तेव्हा ते खांद्यापासून गुडघ्यापर्यंत करडे झाले होते.

हौसाबाईंनी अदबीने हात जोडले. "सायेब, आता तुमीपन न्यायप्रविष्ट झाले!"

मांडव हसून लोटपोट झाला. आमदार शेठच्या कानात काहीतरी बोलले. विधेयक नाही, निकाल नाही. महिन्याभरात धुरांडं दुप्पट उंच झालं. पावसाळा सरल्यावर सुकट पुन्हा गुलाबी दिसू लागली आणि बाजारात बाईंचा आवाज पूर्वीसारखा खणखणू लागला.

धूर आता त्यांच्या घरावरून सरळ शहरातल्या सोसायट्यांवर जातो. तिथे सुशिक्षित लोक राहतात. धुराला कोर्टाने आवरावं की विधानसभेने, यावर त्यांची अभ्यासपूर्ण मतं आहेत. आपलंही असेलच. सावकाश मांडा, घाई नाही. फक्त बोलताना तोंड फार उघडू नका.